डावी टाच

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले, "आणि मी सांगेपर्यंत उघडू नका."

हरेश्वरने डोळे मिटले. नर्सने त्याच्या पायांवरची चादर बाजूला केली. एसीच्या गारव्यात ते पाय असे उघडे पडलेले बघून मला कसंसंच झालं. सहा महिन्यांत पोटऱ्या वाळून अर्ध्या झाल्या होत्या. नवऱ्याचे पाय चार परक्या माणसांनी न्याहाळावेत, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सोसावं लागलं नव्हतं.

डॉक्टरांनी कापसाचा बोळा लावलेली काडी माझ्याकडे दिली. घरी रोज तुम्हीच करता ना, मग इथेही तुम्हीच करा, आपल्या माणसाच्या हाताने पेशंट मोकळा राहतो, असं म्हणाले. सेंटरच्या ऑफिसातली एक मुलगी मोबाइल धरून व्हिडिओ काढायला उभी राहिली. आधी माझ्या पदराकडे बघून तिने तो नीट घ्यायला सांगितलं, मग म्हणाली, सुरू करा.

मी घरच्यासारखी पायथ्याशी बसले, त्याच्याकडे तोंड करून. डाव्या पायाला माझा उजवा हात, उजव्या पायाला डावा. मी बोळा टेकवला.

"डावी टाच," हरेश्वर म्हणाला.

दुसरा. "डावा गुडघा." तिसरा. "उजवा घोटा." डॉक्टर मान हलवत होते. चौथ्यांदा मी उजव्या तळव्याला बोळा लावला आणि हरेश्वर गप्प राहिला. सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांचे ओठ नुसते हलत होते. माझ्या तळहाताला घाम सुटला. मी हात झटकला आणि बोळा पुन्हा टेकवला.

"उजवा तळवा," हरेश्वर म्हणाला.

दहापैकी दहा. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, रिस्पॉन्स फार चांगला आहे म्हणाले, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी दुसऱ्या डोससाठी यायला सांगितलं. सासूबाईंनी तिथल्या तिथे कनवटीची सुपारी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ती घ्यावी की परत द्यावी, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती पेनाच्या डब्यात टाकली.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. तोंडावर मी नवऱ्याला कायम 'अहो' म्हणत आले, पण लिहिताना हरेश्वरच बरा, नाहीतर कोण कुठले 'हे' ते कळायचं नाही.

हरेश्वर पाडेली. म्हणजे दुसऱ्यांच्या वाड्यांमधले नारळ आणि सुपाऱ्या झाडावर चढून उतरवून देणारा. श्रीवर्धनच्या आमच्या बाजूला नारळ-पोफळींच्या वाड्या समुद्राला टेकलेल्या आहेत. नारळावर चढायला अंगात जोर लागतो, पण पोफळीला अक्कल लागते. ती मनगटासारखी बारीक आणि चाळीस-चाळीस फूट उंच. पाडेली एकदा वर गेला की प्रत्येक झाडासाठी खाली उतरत बसत नाही. वरच्या वरच शेंडा हलवायचा, झोका घ्यायचा आणि शेजारच्या पोफळीला पायांनी मिठी मारायची. पोफळ वाकताना करकरते. ती करकर कानाने ओळखायची आणि मगच अंग सोडायचं, असं हरेश्वर सांगे. वरून त्याला झावळ्यांमुळे खालचं काही दिसत नसे, पण वाडीत कोण आलं ते तो पावलांवरून सांगायचा. लग्न नवं होतं तेव्हा मी भाकरी घेऊन चोरपावलांनी जाई, तरी वरून आवाज येई, "आज उशीर का गं?"

त्या कार्तिकात एका पोफळीने करकर न करताच दगा दिला. शेंडा मोडला. तो पाठीवर पडला, पाण्याच्या पाटाच्या दगडी काठावर. कंबरेच्या वरचा मणका चेचला, आणि तिथून खालचं सगळं आमच्या ओळखीचं राहिलं नाही.

जिल्ह्याच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. तिथे फिजिओथेरपीला तांबोळी मॅडम होत्या. बुटक्या, चष्मेवाल्या, एक शब्द जास्त बोलायच्या नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि सांगितलं की पाय परत येण्याची आशा फार थोडी आहे. पण हात, खांदे, छाती शाबूत आहे, आणि खुर्चीवर राहून माणूस आपलं आपण सगळं करू शकतो. ते शिकावं लागतं, मी शिकवते, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली. आत जाऊन मी हरेश्वरला यातलं अर्धंच सांगितलं, आणि ते अर्धं कुठलं ते वेगळं सांगायला नको.

मग सासूबाईंच्या भाच्याने वर्तमानपत्रातलं एका खासगी सेंटरचं कात्रण आणलं. त्यात एक माणूस वॉकर धरून उभा होता. कंबरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि सुईने पाठीच्या कण्यात सोडायच्या. त्या पेशी तिथे रुजतात आणि तुटलेलं सांधतात, असं लिहिलं होतं. मी कात्रण घेऊन तांबोळी मॅडमकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे अजून सिद्ध झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या इस्पितळांतून यावर चाचण्या चालू आहेत. तिथे पैसे घेत नाहीत आणि खात्रीही देत नाहीत. ही माणसं दोन्ही उलटं करतायत."

पण आमच्या घराला 'रुजतात' या शब्दाने धरलं होतं. सासूबाईंनी जन्मभर सुपारीची रोपं केली. ओळीने सुपाऱ्या पुरायच्या, वर झावळ्यांची सावली धरायची, पाणी घालायचं आणि वाट बघायची. दोन महिने वर काही दिसत नाही. त्यात कुणी उतावळेपणाने बोट घालून बघितलं की कोवळं मूळ तुटतं. मी नवी सून आले तेव्हा मला पहिली ताकीद ही मिळाली होती. म्हणून फेब्रुवारीत सेंटरमध्ये पहिला डोस दिल्यावर दहा दिवस हरेश्वर तापाने फणफणला, डोकं धरून ओकत राहिला, तरी सासूबाई घाबरल्या नाहीत. रुजताना होतं असं, म्हणाल्या.

तांबोळी मॅडमनी मला एक शंभर पानी वही दिली होती. रोज सकाळी दहा वेळा बोळा लावायचा, त्याने मिटल्या डोळ्यांनी सांगायचं, आपण खूण करायची. मधूनच हात न लावता विचारायचं, म्हणजे अंदाजपंचे उत्तरं पकडली जातात. डोस घेतलात तर घेतलात, पण निदान खरं काय होतंय ते लिहून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिले तीन आठवडे वहीत नुसत्या फुल्या. मग मार्चच्या मध्यावर एका सकाळी तो म्हणाला, "डावी टाच?" आणि खरोखर ती डावी टाच होती.

त्या दिवशी मी अंगणात जाऊन रडले. वाळत घातलेल्या सुपाऱ्या पायाखाली आल्या, तरी भान नव्हतं. मग दहात चार, दहात सहा. न लावता विचारलं की तो बरोबर "नाय" म्हणायचा. एप्रिलमध्ये रोज नऊ, दहा. पायाचं बोट मात्र हलत नव्हतं. पण आधी मूळ धरतं, मग कोंब येतो, हे आमच्या घरात कुणाला समजवावं लागत नव्हतं.

भानगड एकच होती. एप्रिलच्या सुरुवातीला तांबोळी मॅडमनी स्वतः तपासलं तेव्हा दहापैकी शून्य आले. हरेश्वर आठ वेळा गप्प राहिला आणि दोनदा चुकला. मॅडमनी माझी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला चोरी पकडल्यासारखं वाटलं, आणि मी तर काहीच चोरलं नव्हतं. सासूबाईंनी घरी आल्यावर निकाल लावला. "ती बाय आंबा दाबून बघावा तशी दाबते," त्या म्हणाल्या. "कोवळ्या मुळाला असं उकरतात काय? ह्याच्यापुढं फक्त सुनबाय हात लावील." आणि खरंच, पुढे सेंटरमध्ये मी केलं तर दहात दहा आले. मग मॅडमचं खरं की डॉक्टरांचं? माझं डोकं चालेनासं झालं. एकाच पायाला एकाच महिन्यात शून्य आणि दहा कसे मिळतात?

मेच्या पहिल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. घाटावर एक संस्था होती, तिथे कंबरेखाली अधू झालेल्यांना सहा आठवडे ठेवून घेतात आणि खुर्चीवरचं सगळं जगणं शिकवतात. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून जमिनीवर कसं यायचं, लघवीची नळी आपली आपण कशी बदलायची, जखमा कशा टाळायच्या. मॅडमनी खटपट करून हरेश्वरसाठी जागा धरली होती. ती तिसऱ्या सोमवारपासून. नेमका तोच सोमवार. आणि आता नाही गेला तर पुढची जागा वर्ष-दीड वर्ष मिळणार नव्हती.

"तोवर पाठीला जखमा होतील," मॅडम म्हणाल्या. "एक माझ्या डोळ्यांदेखत सुरू झालीय. शनिवारी दुपारी बारापर्यंत मला हो किंवा नाही सांगा."

जखम खरी होती. माकडहाडापाशी रुपयाएवढी, काळपट. त्याला ती कळत नव्हती, मला दिसत होती. पुन्हा पाठीत सुई टोचायची, पुन्हा ताप, पुन्हा दोन महिने निजून राहायचं, की हे सगळं सोडून खुर्ची शिकायची? खुर्ची शिकायची म्हणजे पाय मेले असं कबूल करायचं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मी हरेश्वरला विचारलं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

"मी काय म्हणणार? पाय तुमचे हायत."

"वही तुझी हाय," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला.

मला तेव्हा त्याचा राग आला. सगळं माझ्यावर ढकलतो म्हणून. पण वही खरंच माझी होती आणि वहीत दहात दहा होते. ज्या बाईला टाच कळल्याचं दिसतंय, तिने ते सोडून खुर्ची आणायची म्हणजे नवऱ्याचे पाय स्वतःच्या हाताने कापायचे. मी मनाशी डोस ठरवला. सासूबाईंनी डॉक्टरांसाठी शहाळी बाजूला काढली. शनिवारी फोन करून मॅडमना नाही म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

गुरुवारी सकाळी सासूबाई शेजारच्या वाडीत गेल्या होत्या. मी भाकऱ्या थापत होते. हरेश्वरने आतून हाक मारली, आज पायांचं राहिलं की, ऊन वर आलं. तव्यावरची भाकरी उतरवली, पिठाचे हात कसेबसे पुसले आणि गेले. तो डोळे मिटून तयारच होता. मी पायथ्याशी बसले, डाव्या टाचेला बोळा लावला.

तो काही बोलला नाही. मी उजवा घोटा घेतला. मग डावा तळवा. उजवा गुडघा. तो शांत पडून होता, चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा भाव. मला वाटलं चेष्टा करतोय. पडायच्या आधी तो तसा होताच चेष्टेखोर. मी बोळा ठेवला आणि नखाने तळव्यावर रेघ ओढली.

"अगं, कर की सुरू," हरेश्वर म्हणाला.

भाकरी थापताना बायका बांगड्या कोपराकडे सारतात, तशा मी त्या सारून घट्ट बसवल्या होत्या. घाईत तशाच राहिल्या होत्या. हाताला पीठ खाजत होतं म्हणून मी उजवा हात खाली सोडून झटकला आणि सगळ्या बांगड्या मनगटावर घसरल्या. माझा हात त्याच्या पायापासून वीतभर लांब होता.

"डावी टाच," हरेश्वर म्हणाला.

हे काय होतं ते मला लगेच कळलं, आणि कळूनही पटलं नाही. माझ्या उजव्या हातात नुसती हिरवी काच. डाव्या हातात काचेच्या मागे-पुढे दोन पाटल्या, एक ग्रॅमच्या का होईना. उजवा हात किणकिणतो, डावा खडखडतो. गुडघ्याशी हात लांबवला की बांगड्या मागे सरकतात, टाचेशी हात खाली गेला की मनगटावर घसरतात, घोट्याचा आणि तळव्याचा आवाज त्यांच्या अधलामधला. तो पडल्यापासून सासूबाईंनी माझ्या हातांत चार-चार बांगड्या जास्त चढवल्या होत्या आणि तो उभा राहीपर्यंत एकही वाढवायची, म्हणजे हातातून उतरवायची नाही असं बजावलं होतं. मी हात न लावता विचारायचे तेव्हा दोन्ही हात मांडीवर असायचे. चाळीस फुटांवरून पावलं ओळखणारा माणूस, आणि मी दोन हातांवरून त्याला वाजवून वाजवून सांगत होते.

मी डाव्या हातातल्याही खाली ओढल्या आणि पुढचे नऊ नेहमीसारखे केले. त्याने नऊही बरोबर सांगितले. मी वहीत दहा लिहिले. का लिहिले ते मला सांगता येत नाही. पेन हातात होतं आणि रोज दहाच लिहायची सवय होती, एवढंच.

तो गुरुवार आणि शुक्रवार मी घरात वावरले, पण मी कुठे होते देव जाणे. पाण्याची घागर भरून ती विहिरीवरच विसरून आले. एकच प्रश्न होता. त्याला ठाऊक होतं का? बिचारा खरोखर मनापासून सांगत असेल, आवाज कानात जातो आणि त्याला वाटतं की टाचेला कळलं, तर त्याला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि ठाऊक असेल, तर हा माणूस दोन महिने माझ्याशी खोटं बोलतो आहे, मला अंगणात रडायला लावतो आहे, मग त्याच्या जवळ निजायचं कसं? एकदा वाटायचं त्याला कुशीत घ्यावं, एकदा वाटायचं हातातली पळी फेकून मारावी. आणि तिसरंही एक होतं, जे मी स्वतःलाही सांगत नव्हते. गप्प बसायचं. सोमवारी डोस घ्यायचा. कुणास ठाऊक, दुसऱ्याने रुजेलही. पेशी खोट्या आहेत असं कुणी म्हटलं होतं? खोटी होती ती वही.

शनिवारी सकाळी साडेअकराला मी त्याच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर सासूबाई शहाळ्यांचे शेंडे तासत होत्या, त्यांच्या कोयत्याचा आवाज येत होता. मी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि वर घट्ट रुमाल बांधले, दोन्ही हातांना.

"अहो, डोळे मिटा."

"सकाळी केलंस की."

"परत करायचंय. मिटा."

त्याने मिटले. मी डावी टाच, उजवी टाच, दोन्ही गुडघे, पुन्हा डावी टाच अशी सावकाश बोटं टेकवली. बोळा नव्हे, माझी बोटं. मग मी तशीच बसून राहिले. तो कान देऊन ऐकत होता. आता मला ते स्पष्ट दिसत होतं की तो ऐकतो आहे. मान किंचित तिरकी, पोफळीवर असताना असायची तशी. एवढे दिवस मी हे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे आज कुणाला पटेल?

"पाच वेळा लावला हात," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले नाहीत. हळूच म्हणाला, "बांगड्या कुठं गेल्या?"

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. तुम्ही मला फसवलंत, आयेला फसवलंत, तापाने मरायला टेकला होतात तरी फसवत राहिलात, असं काहीतरी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दात आवळून. तो डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मला लाज दिसायला हवी होती. पण होता नुसता गोंधळ, माझ्याएवढाच.

"मी कुठं फसवलं?" तो म्हणाला. "तूच वाजवत होतीस."

"मी?"

"पयल्यांदा मला वाटलं, वाजतात त्या वाजतात. मंग तू डाव्याला येक हात आन् उजव्याला येक असं ठरवून घेतलंस. मला वाटलं, हिला पायजे हाय. आयेचं तोंड बघवत नाय म्हणून ही मला खूण करते हाय. तुझ्यासाठी मी सांगत गेलो."

"मी कशाला खूण करीन?"

"आन् सेंटरात?" हरेश्वर म्हणाला. "मी मुद्दाम गप्प राह्यलो व्हतो. वाटलं, इथं तरी थांबावं. तर तू हात हलवून परत वाजवलंस."

चौथा बोळा. उजवा तळवा. तळहाताला घाम आला होता म्हणून मी हात झटकला होता. घामासाठीच झटकला होता. पण घाम पुसायला पदर होता की माझ्या मांडीवर.

बाहेर कोयत्याचा आवाज थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. दोन महिने आम्ही दोघंही एकमेकांना पास करत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला ते हवं आहे. मी रुमाल सोडले.

"खरं सांगा," मी म्हणाले. "कायच कळत नाय?"

"नाय गं," तो म्हणाला. "कंबरेच्या खाली मी नायच." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर रडला. मीही रडले, पण मला आठवतं ते हे, की रडताना मला हलकंही वाटत होतं आणि त्याची मला शरमही वाटत होती.

बाराला पाच कमी असताना मी मॅडमना फोन करून हो म्हटलं. कारण त्यांनी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं, बांगड्यांचं. पलीकडे त्या म्हणाल्या, माझ्याही लक्षात यायला हवं होतं, मी घड्याळाशिवाय हातात काही घालत नाही. सोमवारी जीप घाटाच्या वाटेला लागली तेव्हा सासूबाई ओट्यावरून उठल्या नाहीत. रोप उपटलंस, एवढंच मला म्हणाल्या आणि गणपतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी बोलल्या त्या हरेश्वर एकटा खाटेवरून खुर्चीत आला, खुर्ची हाकत अंगणात गेला आणि त्यांच्या शेजारी सुपाऱ्या निवडायला बसला त्या दिवशी. चहा घेतलास का, असं त्यांनी मला विचारलं.

सेंटरला मी दोनदा फोन केला, तो व्हिडिओ काढून टाका म्हणून. नातेवाइकांना असे विचार येतात, पेशंटचं मनोबल खच्ची करू नका, असं तिथल्या बाईंनी मला समजावलं. तीन वर्षांनी भाच्याने तो मोबाइलवर दाखवला. पुष्कळ लोकांनी पाहिलेला. आवाज मोठा केला तर बांगड्या स्वच्छ ऐकू येतात. चौथ्या वेळी मी हात झटकते तेही दिसतं. ते मी वीस वेळा तरी पाहिलं असेल. त्या हाताकडे बघून मी घाबरलेली वाटते की हुशार, हे मला आजही ठरवता येत नाही. आणि हरेश्वरला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, की माझ्या वाट्याचा दोष अर्धा करण्यासाठी त्याने ते त्या क्षणी रचलं, हेही. मी कधी विचारलं नाही. सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता का?

आता वाडीवाले त्याला सुपारी उतरवायच्या दिवसांत मुद्दाम बोलावतात. तो खुर्ची झाडांखाली लावतो, वर कुणी शेंडा हलवला की मान तिरकी करतो, आणि करकर ऐकून सांगतो, ही नको, खाली ये. त्याचं ऐकल्यापासून आमच्या बाजूला कुणी पडलेलं नाही.

सासूबाई गेल्याला चार वर्षं झाली. जास्तीच्या बांगड्या त्यांनीच शेवटी वाढवायला सांगितल्या होत्या. उरलेल्या अजून आहेत. सकाळी मी त्याचे पाय तपासते, कुठे लाल झालं नाही ना, कुठे खरचटलं नाही ना, कारण त्याला ते कळणार नसतं. मी पायथ्याशी बसते. तो डोळे मिटून पडलेला असतो, मिटायला कुणी सांगत नाही. मी कुठे हात लावते आहे हे त्याला कळावं म्हणून आता मी बांगड्या खरोखर मुद्दाम वाजवते.

"डावी टाच," हरेश्वर म्हणतो.

"बरोबर," मी म्हणते, आणि उजवा पाय घेते.